दुसरीनं सोडायची गाठ

माझी मुलगी शाळेच्या गाईड पथकात पाचवीपासून आहे. प्रवेश झाला, पहिलं सोपान म्हणजे परीक्षेची पहिली पायरी झाली, दुसरं झालं. प्रत्येक वेळी गणवेशाच्या बाहीवर एक नवं कापडी चिन्ह शिवून द्यायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. नववीत ती तिसऱ्या सोपानाला बसली आणि गोष्ट वेगळी झाली. परीक्षा पारशिवनीकडच्या एका शाळेच्या मैदानावर, हिवाळी शिबिरात होणार होती. आमच्या शाळेत दहावीच्या मुलींना शिबिराला पाठवत नाहीत. म्हणजे यंदा हुकलं की संपलं, आणि तिसरं सोपान नसेल तर पुढे राज्य पुरस्काराच्या चाचणीला बसताच येत नाही. तिला तो पुरस्कार हवा होता. किती हवा होता ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण मोबाईल न मागता पुस्तिका उघडून बसलेली मुलगी पाहिली की आईला कळतं.

वाडीला, अमरावती रोडवर, गोदामांच्या रांगेत माझं दुकान आहे. ताडपत्री आणि दोर. विकते, भाड्यानं देते, फाटकी शिवून देते, आणि भरून निघालेल्या ट्रकवर माझी माणसं ताडपत्री बांधूनही देतात. माझे वडील याच रस्त्यावर हमाल होते. मी सुरुवात केली ती त्यांच्या भाड्याच्या खोलीच्या दारात बसून, मोठ्या सुईनं जुन्या ताडपत्र्यांना ठिगळं लावत. आज जे आहे ते कोणी हातावर आणून ठेवलेलं नाही, एकेक गोष्ट भांडून घेतलेली आहे. ट्रान्सपोर्टवाले मला पाहिलं की आधी चहा मागवतात आणि मग भावाचं बोलतात, कारण उलटं केलं तर मी उठून जाते हे त्यांनी अनुभवलं आहे.

दोर आवळून झाल्यावर शेवटी हुकापाशी जी गाठ मारतात, ती बांधणाऱ्यांच्या प्रत्येक टोळीची थोडी वेगळी असते. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. पण शेवटचं टोक वरून घालायचं की खालून, त्याला पीळ कोणता द्यायचा, हे ज्याचं त्याला माहीत. त्याला आम्ही पेच म्हणतो. रस्त्यात कोणी दोर सोडून माल काढला आणि परत बांधला, तर पेच जमत नाही. माल उतरवून घेणारा शहाणा असेल तर आधी गाठ पाहतो, मग ताडपत्रीला हात लावतो. आमचा पेच वडिलांचा आहे. तो ओढून सुटत नाही, जितका ओढाल तितका बसतो. एका जागी बोटानं आत ढकलावं लागतं, आणि ती जागा बाहेरून दिसत नाही. वडिलांनी तो मला शिकवला आणि बाहेर कोणाला दाखवायचा नाही हेही शिकवलं. मी माझ्या माणसांना शिकवला, माल उतरवून घेणाऱ्या ओळखीच्या एक-दोघांना आणि मुलीला. शाळेतून आली की ती दुकानात दोराच्या तुकड्यांवर तोच मारत बसायची. दप्तर अडकवायच्या खिळ्यापासून कुलरच्या पायापर्यंत तिनं काय काय बांधून ठेवलेलं असायचं.

याच पेचापायी मी स्वतः तिसऱ्या सोपानात नापास झालेली आहे. मीही शाळेत गाईड होते. परीक्षेच्या दिवशी आम्ही तंबूच्या खुंट्यांना दोर बांधले. त्यांत सगळ्यांत घट्ट माझे होते. मग शिट्टी वाजली आणि दुसऱ्या शाळेची एक मुलगी माझ्या खुंटीपाशी आली. तिनं नखं दुखेपर्यंत ओढलं. गाठ हलली नाही. परीक्षक बाई आल्या, त्यांनी चाकू काढला आणि दोर कापून टाकला. मला एक शब्द विचारला नाही. कागदावर खूण केली आणि पुढच्या खुंटीकडे गेल्या. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, कोणाला गाठ सुटली का? मी म्हटलं, नाही. ते इतके खूश झाले की शेजारच्या खोलीत सांगून आले. त्यांना वाटलं मी पास झाले.

परीक्षा गाठ मारण्याची होती. गाठ सुटली नाही, यात माझं काय चुकलं? हा प्रश्न मी पुढे बऱ्याच जणांना रागानं विचारला. कोणाला उत्तर देता आलं नाही, आणि बहुतेकांना द्यायचंही नव्हतं. म्हणून मुलीची तयारी सुरू झाली तेव्हा मी तिच्या पुस्तिकेत डोकावू लागले. मदत करायची म्हणून नव्हे. या लोकांना नेमकं हवं तरी काय असतं, ते मला एकदा पाहायचं होतं.

पाहता पाहता मला त्यात गोडी लागली. नदी न ओलांडता तिची रुंदी कशी काढायची. मोडलेला हात स्कार्फमध्ये कसा अडकवायचा. भांडं नसताना स्वयंपाक कसा करायचा. यात तर आमच्याकडची माणसं मुळातच पास आहेत, पानात गुंडाळून गोवऱ्यांवर पानगे भाजायला भांडं लागतच नाही. प्रत्येक गोष्टीवर मी ‘काहून?’ विचारायची आणि ती आधी सांगायची, मग वैतागायची.

एका रविवारी तिनं दुकानासमोरच्या गोदामाची उंची काढली. काठी उभी करायची, काठीची सावली मोजायची, गोदामाची सावली मोजायची, मग त्रैराशिक. मी आधीच नजरेनं आकडा सांगून ठेवला होता. माझं सगळं आयुष्य नजरेनं माप सांगण्यात गेलं आहे. तिचा आकडा माझ्यापेक्षा बराच कमी आला. मी वाद घातला, तिची काठी वाकडी आहे म्हटलं, जमीन उताराची आहे म्हटलं. शेवटी शिडी लावून वरून फीत सोडली तर तिचाच आकडा बरोबर.

“आई, तू ताडपत्री मोजून राहिली,” ती म्हणाली. “मी गोदाम मोजलं.”

खरं होतं ते. मी कुठलीही उंची ताडपत्रीचा खाली लोंबणारा पदर धरूनच सांगते, कारण गिऱ्हाइकाला ताडपत्री अपुरी पडली तर ती परत येते. म्हणजे इतकी वर्षं मी कोणतीच वस्तू तिच्या खऱ्या मापाची पाहिली नव्हती. त्या दिवशी मी रस्त्यावरचे खांब, झाडं, उभे ट्रक, सगळं पदर वजा करून पाहत बसले.

मग शाळेतून गाईडच्या मॅडमांचा निरोप आला, येऊन भेटा. मुलीचं बाकी सगळं उत्तम आहे, पण तिनं बांधलेला तंबू कोणाला सोडता येत नाही.

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. दुकान माणसांवर टाकून मी तशीच शाळेत गेले. मॅडम मैदानावर होत्या, माझ्याहून तरुण, गळ्यात शिट्टी. मी नमस्कार करून थेट भावावरच आले. गाठ सैल असेल तर बोला, म्हटलं. दोर घसरत असेल तर बोला. बांधलेलं सुटत नाही ही तक्रार मी आयुष्यात एकदाच ऐकली आहे आणि ती विसरलेली नाही.

“घट्टच आहे ताई,” मॅडम म्हणाल्या. “पण शिबिरात जिनं बांधलं तिनं सोडायचं नसते. शेवटच्या दिवशी गट जागा बदलतात. एकीचं बांधलेलं दुसरी सोडते.”

“काहून?”

“तुमच्या मुलीला ताप आला आणि तंबू हलवायचा झाला, तर कोणी हलवायचा?”

“तिले नाही येत ताप.”

“बरं. दुसरीला आला. तिची गाठ तुमच्या मुलीला सोडता यावी की नाही?”

मी हार मानणारी नाही. मी म्हटलं, माझ्या मुलीचा तंबू तेवढा तिलाच सोडू द्या, बदल्यात ती आणखी दोन तंबू सोडून देईल. नाही म्हणाल्या. गाठीऐवजी दुसऱ्या कशाचे गुण धरा म्हटलं. नाही. मोठे मोठे ट्रान्सपोर्टवाले जिथं वाकतात तिथं ही बाई जागची हलली नाही, आणि आवाजही चढवला नाही. मग मी माझ्या वेळची गोष्ट काढली. दोर कापल्याची. हे जिनं-बांधलं-तिनं-सोडायचं-नाही मला तेव्हा कोणी सांगितलं का नव्हतं, असं जरा जोरातच विचारलं. मुली वळून पाहू लागल्या.

“तेव्हा मी दुसरीत असेन ताई,” मॅडम म्हणाल्या. “आज थांबा, पाहून जा.”

थांबले. मुलींनी एकमेकींचे डोळे स्कार्फनं बांधले आणि दुसरीच्या खुंटीपाशी जाऊन बसल्या. दोर चाचपला, बोटं फिरवली, आणि गाठी सुटू लागल्या. कोणी ओढाताण केली नाही. मला ते इतकं नवल वाटलं की मीही डोळ्यांवर ओढणी बांधून घेतली आणि एका अनोळखी मुलीनं बांधलेल्या खुंटीपाशी बसले. बोटांना कळलं की या गाठीत एक वेढा मुद्दाम मोकळा ठेवलेला आहे, येणाऱ्यासाठी. आमच्या धंद्यात गाठ मारायची ती पुढचा हात अनोळखी आहे म्हणून. इथंही पुढचा हात अनोळखीच आहे, आणि म्हणूनच गाठ अशी मारायची. माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथं मिळालं. राग मात्र निम्मा झाला नाही. एवढं साधं कोणीतरी तोंडानं सांगायला हवं होतं.

पंचाईत पुढेच होती. मुलीला कळलं होतं, तिच्या हाताला कळत नव्हतं. खुंटीची गाठ ती पुस्तकातल्यासारखी मारायची, आणि हात काढता काढता टोक खालून आत जायचं, पीळ बसायचा. तिला विचारलं तर म्हणायची, मी घातलाच नाही. मी तिला दुकानात दोराला हात लावायची बंदी केली. मग पेच दुसरीकडून बाहेर पडायला लागला. डब्याच्या पिशवीच्या नाडीत सापडला. एकदा वेणीच्या रिबिनीत सापडला, तो सोडवता सोडवता तिची बस चुकली. माझ्याकडे सगळ्यांत जुना असलेला बांधणारा हे पाहून म्हणाला, “ताई, आपल्याच पोरीले आपलीच गाठ मारू नोको म्हणून राहिल्या काय?” मी त्याला कामाला पिटाळलं.

रोज संध्याकाळी दुकान आवरल्यावर ती बांधायची आणि मी दुसरी मुलगी व्हायची. डोळ्यांवर ओढणी बांधून मी खुर्चीच्या पायापाशी बसायची आणि ती वर उभी राहून मला बोलायची.

“अवं बाई, ओढू नको. हे काय ट्रक आहे काय?”

“मग नीट बांध न.”

“नीटच आहे. तुझंच बोट जुनं झालं.”

पेच लागला की माझ्या बोटाला लगेच कळायचं, आणि मी तो सवयीनं ढकलून सोडायची. हे चूक होतं. दुसऱ्या शाळेच्या मुलीला ती जागा कुठं माहीत असणार? मग मी न सोडता हात वर करायचं ठरवलं. हात वर झाला की ती समजायची, आणि परत पहिल्यापासून. हळूहळू माझे हात खाली राहू लागले. शिबिराला निघाली त्या आठवड्यात एकदाही वर करावा लागला नाही.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं, पण दुपारी, समारोपाला. मी सकाळच्याच एसटीनं गेले. मैदानाला बांबूचं कुंपण होतं, त्याच्या बाहेर उभी राहिले. आत तंबूंची रांग, बांबूचे रॅक, धुरानं काळी झालेली चूल. थंडी अशी की मुली बोटांवर फुंकर घालत होत्या. माझी मुलगी मला दिसली, तिलाही मी दिसले. तिनं ओळख दाखवली नाही.

शिट्टी वाजली आणि गट सरकले. आमच्या तंबूवर आली ती चष्मा लावलेली एक बारीकशी मुलगी, दुसऱ्या शाळेची. पहिली खुंटी सुटली. पुढची सुटली. ती त्या बाजूच्या सगळ्या सोडून मागे गेली, आणि शेवटच्या खुंटीपाशी बसली ती उठेना. मला तिची पाठ दिसत होती. खांदे ज्या तऱ्हेनं मागे जात होते त्यावरून मला कळलं. त्या एका गाठीत पेच बसला होता.

बाकीचे तंबू खाली येत होते. आमचा एका कोपऱ्यावर उभा. परीक्षक बाई आल्या. या परीक्षक तरुण होत्या, पायात बूट, हातात कागदांची पाटी. मी कुंपणाचा बांबू धरला. दोराला हत्यार लागलं असतं तर मी आत गेले असते, हे नक्की, मग पुढे काय व्हायचं ते होवो. पण त्या खाली बसल्या आणि स्वतः गाठ ओढून पाहिली. फिरवून पाहिली. परत ओढली. मग मान वर केली.

“ही कोणाची?”

माझ्या मुलीनं हात वर केला.

“हात न लावता हिला सांगता येईल, कशी सोडायची?”

तिला येत होतं. पण पेच बाहेर कोणाला दाखवायचा नाही, हे मीच तिला ती बोलायला लागली तेव्हापासून सांगत आले होते. तिनं कुंपणाकडे पाहिलं. परीक्षक बाईंचा पेन कागदावर टेकला होता. चष्म्याची मुलगी वाट पाहत होती. सगळं वर्ष, आणि पुढचा पुरस्कार, त्या एका कोपऱ्यावर उभा होता.

“सांग न वं,” मी म्हटलं.

पालकांनी बोलायचं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत गाठीकडे वळल्या. माझी मुलगी गाठीजवळ येऊन उकिडवी बसली, हात मागे बांधले.

“आधी दोर ढिला सोड. ओढलं की ते बसते. आता अंगठा खालून ने. खालचा वेढा लागला? त्याच्या आत एक टोक आहे, दिसत नाही, पण लागते. लागलं?”

“हो.”

“ते ढकल. ओढू नको, ढकल. अजून. आता सोड, ते आपोआप येते.”

दोर जमिनीवर पडला. चष्म्याची मुलगी हातातल्या टोकाकडे पाहून हसली, आणि मग परत बांधून दाखव म्हणाली. बाई म्हणाल्या, आता नाही, जेवल्यावर.

दुपारी समारोपाला तिसऱ्या सोपानाची नावं वाचली. तिचं नाव आलं. माझे कान त्यासाठीच होते, त्यामुळे भाषणातलं मला काही आठवत नाही. कार्यक्रम संपल्यावर मी परीक्षक बाईंना गाठलं. इतकी वर्षं साठवलेलं मला बोलायचं होतं, पण ही ती बाई नव्हती, म्हणून आधी एकच विचारलं. सांगायला लावण्याचा हा नियम कधीपासून आला?

“नियम कुठला ताई,” त्या म्हणाल्या. “मलेच सुटत नव्हती. म्हटलं, विचारून पाहू.”

मी दुसऱ्या वाटेनं आले. कागदावर काय लिहिलं? गाठ चुकली असं लिहिलं, त्या म्हणाल्या, आणि सांगितलं बरोबर असंही लिहिलं, दोन्ही मिळून पास. आता ‘चुकली’ हा शब्द मला मान्य होणं शक्यच नव्हतं. त्या गाठीवर मी दुकान उभं केलं आहे. मी त्यांना ट्रक, हूक, उतरवून घेणारा माणूस, सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये दोन-तीन चांगले प्रश्न विचारले, आणि म्हणाल्या, “ट्रकवर बरोबर आहे. तंबूवर चुकलीच.” शब्द काही त्यांनी बदलला नाही.

परतीच्या एसटीत मुलीला खिडकी दिली. सॅकमधून तिनं दोराचा तुकडा काढला. समोरच्या सीटच्या दांडीला काहीतरी बांधू लागली, सोडू लागली, परत बांधू लागली. मी विचारलं, त्या चष्म्याच्या पोरीला जेवल्यावर दाखवली का? दाखवली, म्हणाली. तिलाही आणि आणखी चार-पाच जणींनाही, सगळ्या मागे लागल्या होत्या. म्हणजे आमचा पेच आता निम्म्या जिल्ह्याला माहीत झाला, असं मी म्हटलं. ती म्हणाली, म्हणून तर नवा करून राहिली न.

थोड्या वेळानं तिनं हात काढून घेतले. दांडीवर गाठ होती, दिसायला आमच्याचसारखी. मी ढकलायच्या जागी ढकललं. तिथं काही नव्हतं. दुसऱ्या बाजूनं बोट घातलं, तिथंही नव्हतं.

“सांगू?”

“थांब,” मी म्हटलं. “पाहू दे मले.”

ती खिडकीला डोकं लावून झोपली. बस नागपूरच्या गर्दीत शिरली, लोक उठून दाराकडे सरकू लागले, आणि मी अजून तो वेढा चाचपत होते.